अकरा दिवसांची परिक्रमा

सुरतेच्या नवागाममध्ये माझी ओळख करून देताना लोक सांगतात, नानांच्या नर्मदेच्या आठ परिक्रमा झाल्या आहेत. मी नुसती मान हलवतो. खरा आकडा शून्य आहे. तो शून्य कसा, हे सांगायचं तर आधी हा धंदा समजावून सांगावा लागेल.

नर्मदेची परिक्रमा म्हणजे नदीला उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती पूर्ण फेरी. ओंकारेश्वरला संकल्प सोडायचा, लहान बाटलीत नदीचं पाणी भरून घ्यायचं आणि ती बाटली रोज पुजत फेरी संपेपर्यंत जवळ बाळगायची. दक्षिण तटानं समुद्रापर्यंत यायचं, तिथून नावेनं पलीकडे जायचं, उत्तर तटानं उगमापर्यंत चढायचं आणि पुन्हा दक्षिण तटानं ओंकारेश्वरला येऊन बाटलीतलं पाणी चढवायचं. मधे कुठंही नदी ओलांडायची नाही. पूल कितीही जवळ असला, काम कितीही निकडीचं असलं तरी नाही. ओलांडली की परिक्रमा खंडित. पायी करणाऱ्याला शास्त्रानुसार तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. इतर बसवाले अठरा-वीस दिवसांत करून आणायचे. मी अकरा दिवसांत आणायचो.

अकराच का, तर त्याचं कारण लूम. आमच्या नवागाम-डिंडोलीत घराघरातला एक तरी माणूस खात्यात कामाला. खातं म्हणजे लूमचा, यंत्रमागाचा कारखाना. दिवाळीला खाती बंद होतात. पण चातुर्मासात परिक्रमा उचलत नाहीत, देवउठी एकादशीपर्यंत थांबावं लागतं. ती एकादशी येईपर्यंत अर्धं वेकेशन संपलेलं असतं, आणि पुढं शेठचे फोन सुरू होतात की अजून कसा आला नाहीस. त्या फटीत बसेल एवढीच परिक्रमा आमच्या माणसांना जमण्यासारखी होती. मी ती बसवली. रस्ता मी आखला, मुक्काम मी ठरवले, कोणत्या घाटावर किती वेळ थांबायचं ते घड्याळ लावून पाहिलं. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, कधी कधी अजूनही वाटतो.

गाडीत अडतीस माणसं, एक ड्रायव्हर, एक स्वयंपाकी (त्याला इकडे महाराज म्हणतात) आणि मी. याद्या, चिठ्ठ्या, औषधांच्या पिशव्या हे सगळं माझी बायको मंगला घरी बसून तयार करायची. ती स्वतः एकदाही आली नाही. म्हणायची, तुमच्या शिट्टीवर अंघोळ करायला मला जमायचं नाही.

शिट्टीचं खरं होतं. घाटावर अडतीस माणसं उतरली की परत गोळा करणं हे मॅनेजरचं सगळ्यात अवघड काम. मी शिट्टी आणली. आमची माणसं आयुष्यभर खात्याच्या भोंग्यावर उठलेली-बसलेली, त्यांना शिट्टीचं काही वाटलं नाही. पहिली शिट्टी वाजली की अंघोळ आटपायची, दुसरीला आरती, तिसरीला गाडीत. भेस्तानचे एक वयस्क गृहस्थ होते, सगळं आयुष्य लूमवर गेलेलं. एका घाटावर ते डोळे मिटून बसले होते. मी दोन शिट्ट्या दिल्या, तरी हलले नाहीत. तिसरी त्यांच्या कानाशी वाजवली. डोळे उघडून ते उठले, चपला शोधल्या आणि गाडीत चढताना म्हणाले, "नाना, तार जोडत आणली होती. तुटली." रागावले नव्हते. लूमवर तार तुटते तशी तुटली असं सांगत होते. मी हसलो आणि हजेरी घ्यायला लागलो.

दुसरा एक होता, सुरतेजवळच्या सचिन गावातल्या, कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमधला. त्याला शांती हवी होती. आल्या दिवसापासून विचारायचा, "नाना, लोकं म्हणतात नदी कामं करते. कितव्या दिवसापासून कळायला लागतं?" मी सांगितलं, अमरकंटकनंतर. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. अमरकंटक झालं, ओंकारेश्वर झालं, सुरतेला गाडी लागली. सगळे एकमेकांच्या पाया पडत होते आणि हा बॅग घेऊन माझ्यासमोर उभा. म्हणाला, "मला तर काहीच नाही झालं, नाना. होतो तसाच आहे." त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मला त्याची थट्टा करवली नाही. पुढच्या वर्षी तो चारधामच्या गाडीत बसला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कुठं. मग त्याचं काय झालं ते मला माहीत नाही.

अशी माणसं पाहूनच मला पेटी सुचली. माझं म्हणणं असं, की यांचं मन लागत नाही याला कारण फोन. घाटावर उतरले की व्हिडिओ, आरतीला व्हिडिओ, जेवताना घरी फोन, आणि घरच्यांची भांडणं गाडीत ऐकू येणार. मी पत्र्याची एक पेटी घेतली, कुलूप घेतलं. ओंकारेश्वरला संकल्प सुटला की सगळ्यांचे फोन बंद करून पेटीत. मंगलानं प्रत्येक फोनला बांधायला नावाच्या चिठ्ठ्या करून दिल्या. घरच्यांना निघतानाच एक कार्ड द्यायचं, त्यावर माझा नंबर. काही निरोप असला तर नानाला सांगा, नाना पोचवेल. रात्रीच्या जेवणाला मी निरोप वाचून दाखवायचो.

पेटी फार चालली. परत आल्यावर बायका सांगायच्या, किती वर्षांत असं निवांत वाटलं नव्हतं. मला ते खरंच वाटायचं, आणि ते खरंही होतं. पण निरोप हातात आले की माणूस ते चाळायला लागतो. एकदा एकीच्या नातवाला ताप आल्याचा निरोप आला. मी विचार केला, आता सांगून ही काय करणार, रडत बसेल. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरल्याचा फोन आला. मग दोन्ही निरोप एकदम सांगितले, तर तिनं माझे पाय धरले. म्हणाली, "बरं झालं कालच नाही सांगितलं." तिथून मला सवय लागली. कुठला निरोप द्यायचा, कुठला अडवायचा, कुठला जरा गोड करून सांगायचा, ते मी ठरवायला लागलो. मला वाटायचं, हाही माझ्या कामाचाच भाग आहे.

आता विमलबाईंचं सांगतो. हे सगळं लिहायला घेतलं ते त्यांच्यासाठीच.

विमलबाई आमच्याच गल्लीच्या पुढच्या टोकाला राहतात. अमळनेरकडच्या. त्यांचे यजमान हिलालआप्पा खात्यात बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, भरायचे. सुताची धूळ छातीत बसून त्यांना दमा लागला आणि काम सुटलं. मुलगी सविता सचिन गावी दिलेली, तिचा घरात येऊन-जाऊन आधार. आप्पा स्वभावानं तिरसट. बायकोनं काही करायचं म्हटलं की यांचा नकार आधी तयार. ती भिशीला गेली तरी यांना नको, माहेरच्या लग्नाला गेली तर दुसऱ्या दिवशी फोन, माझ्या छातीत दुखतंय, ये. ती धावत यायची तर हे ओट्यावर बसून बिडी ओढत असायचे. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती. मलाही.

विमलबाईंनी नवस केला होता, यांचा दमा हटू दे, परिक्रमा करीन. दमा काही हटला नाही. तेव्हा त्यांनी उलटा हिशेब केला, की आधी परिक्रमा करू, मग हटेल. तीन वर्षं चालून करणं शक्य नव्हतं. अकरा दिवस सविता बापाजवळ राहायला तयार झाली. निघायच्या दिवशी आप्पा दारात आलेच नाहीत. आतूनच ओरडले, "नदीना कडे कडे गाडीम्हा फिरीसन कोन बरं व्हस का?" विमलबाई गाडीत बसल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. मला म्हणाल्या, "नाना, तीस वरीस व्हयनात, एक डाव बी जा म्हनत नहीत."

चौथ्या दिवशी आम्ही भरूचला होतो. नकाशा डोळ्यांसमोर आणा. तीन दिवस दक्षिण तटानं येताना आम्ही सुरतेच्या अगदी जवळून गेलो होतो. मग नदीच्या मुखाशी प्रवासी नावेत बसले आणि पलीकडे उत्तर तटाला उतरले. गाडीला नाव कुठली? गाडी भरूचच्या पुलावरून वळसा घालून त्यांना घ्यायला जाते, आणि गाडीबरोबर भांडी, सामान, महाराज आणि मॅनेजर. म्हणून म्हटलं माझा आकडा शून्य आहे. प्रत्येक खेपेला अडतीस माणसांची परिक्रमा सांभाळायला मी पूल ओलांडायचो.

तर उत्तर तटावर, भरूचच्या घाटावर, सकाळची वेळ. बायका कपडे धूत होत्या. घाटावरून पूल स्वच्छ दिसतो. पुलापलीकडे सव्वा-दीड तासावर सुरत. माझा फोन वाजला. आवाज हिलालआप्पांचा, पण ओळखू येईना इतका बसलेला. दोन शब्द आणि धाप, दोन शब्द आणि धाप.

"नाना, तिले येवाले सांगा. माले बरं वाटत नही."

मी विचारलं, "सविता कुठंय?"

"औषध लेवाले गई. दवाखानाम्हा शे मी. तिले सांगा ना. ये म्हना."

मी म्हणालो, "आप्पा, संकल्प तुमच्यासाठीच सोडलाय तिनं. आता पूल ओलांडला तर सगळं वाया. सातच दिवस राहिलेत."

पलीकडे नुसती धाप ऐकू येत होती. मग म्हणाले, "बरं. पन तिले सांगा तरी."

"सांगतो," मी म्हणालो.

घाटाच्या पायऱ्या उतरेपर्यंत माझ्या डोक्यात काय काय चाललं होतं ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं. आदल्या वर्षी एका माणसाचा भाऊ वारला म्हणून तो अर्ध्यात उतरला, त्याच्यामागं आणखी तीन घरं उतरली, आणि उरलेली गाडी भूत बसल्यासारखी गप्प झाली होती. नवागाममध्ये पुढं वर्षभर ऐकलं, नानाची परिक्रमा खंडित होते. ते मला पुन्हा नको होतं. हे एक. आणि दुसरं, मला मनापासून वाटलं, की हे आप्पांचं नेहमीचं आहे. ती धावत जाईल आणि हे ओट्यावर बिडी ओढत बसलेले असतील. दवाखाना म्हणाले, धाप ऐकू येत होती, तरी मला तसं वाटलं. वाटून घेतलं म्हणा.

विमलबाई पायरीवर बाटली ठेवून तिला हळदकुंकू वाहत होत्या. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "घरना फोन व्हता का?"

मी म्हणालो, "हो. आप्पाच बोलले. बरे आहेत. म्हणाले, तिला सांगा, परिक्रमा पूर्ण करूनच ये."

बरे आहेत एवढं बोलून थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पुढचं वाक्य मी गोड करायच्या सवयीनं जोडलं. विमलबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आसं बोलनात त्या? खरंच?" मी हो म्हणालो. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडायला लागल्या. शेजारच्या बायका गोळा झाल्या. त्यांना सांगताना त्यांचा आवाज असा काही फुलला, की तीस वर्षांत मी तो तसा ऐकला नव्हता. त्या दिवशी गाडीत त्यांनी गाणी म्हटली. मला बरं वाटलं. मी स्वतःशी म्हणालो, बघ, निरोप कसा द्यायचा असतो.

सहाव्या दिवशी नेमावरला सविताचा फोन आला. आप्पा गेले होते.

तो निरोप अडवण्यासारखा नव्हता. नेमावरलाही पूल आहे. मी जीप केली आणि विमलबाईंना घेऊन निघालो. पुलावर गाडी चढली तेव्हा त्यांनी बाटली मांडीवर घट्ट धरली आणि डोळे मिटले. अर्ध्या पुलावर विचारलं, "आते तुटनी ना परिक्रमा?" मी म्हणालो, असं काही नसतं, देवाला सगळं कळतं. हरद्याच्या स्टेशनवर नंदुरबारला निघालेलं एक कुटुंब भेटलं, त्यांच्या सोबतीनं मी विमलबाईंना रेल्वेत बसवून दिलं आणि परत फिरलो. मागं सदतीस माणसं होती. त्यांची परिक्रमा मी वेळेवर पुरी केली, अकराव्या दिवशी, तासाचाही फरक न पडता.

आप्पांच्या दहाव्याला मी गेलो. विमलबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला एकच गोष्ट सांगत होत्या. जन्मभर ज्यांनी मला जा म्हटलं नाही, त्यांनी शेवटी, स्वतःचा दवाखाना लपवून, नानांच्या फोनवर सांगितलं, पुरी करूनच ये. बायका डोळे पुसत होत्या. एक जण म्हणाली, "केवढं मोठं मन झालं शेवटी माणसाचं." मी चहाचा कप घेऊन बसलो होतो. खरं माहीत असलेली माणसं दोनच, त्यातलं एक गेलेलं. मला तेव्हा वाटलं, हे खोटं आता खऱ्याहून चांगलं आहे, राहू द्यावं. पुढच्या एकादशीची गाडी त्या गोष्टीवर भरली. विमलबाईंची गोष्ट ऐकून आलेल्या बायका जागा मागत होत्या.

मंगलाला मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. ती चिठ्ठ्या कापत होती, कात्री खाली ठेवली. तिथून पुढं तिनं माझ्या गाडीसाठी एकही चिठ्ठी कापली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, डोळ्यांना त्रास होतो.

आणखी दोन हंगाम मी गाडी नेली, पण पेटी नेली नाही. लोक विचारायचे, पेटी कुठंय, मी सांगायचो, कुलूप बिघडलं. मग नव्या पोरांच्या कंपन्या आल्या, एसी गाडी, नऊ दिवसांत परिक्रमा. मी धंदा बंद केला. विमलबाई मधून मधून दारावर यायच्या. देव्हाऱ्यात ती बाटली तशीच ठेवली होती, पाणी थोडं खाली उतरलेलं, बूच मेणानं बंद केलेलं. त्या सांगायच्या, "नाना, तुटनी ती तुटनी. पन मी पुरी करसू. त्यास्नी सांगेल शे ना." मी म्हणायचो, करा, करा. नऊ दिवसांच्या गाडीचं नाव सुचवलं तर मान हलवायच्या. घाई केली म्हणून तुटली, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही.

या पावसाळ्यात सविता माझ्याकडे आली. तिचं बोलणं निम्मं गुजराती, निम्मं मराठी. म्हणाली, "नानाकाका, मम्मीने समजावो ने, तिला समजवा. पायी जायचं म्हणते, एकटी. गुडघे गेलेत, शुगर आहे, रात्री तिला दिसत नाही. आम्ही नाही म्हटलं तर म्हणते, तुमच्या वडिलांची शेवटची आज्ञा आहे. ती फक्त तुमचं ऐकते." जाताना म्हणाली, "पप्पा पण कसं बोलून गेले. ते नसते बोलले, तर ही घरी राहिली असती."

तीन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. हे सांगितलं तर त्या बाईच्या आयुष्यात जे एक वाक्य चांगलं आहे ते जाणार. नाही सांगितलं तर ती निघणार, आणि कुठल्या तरी पायवाटेवर पडणार, माझ्या वाक्यासाठी. मंगलाला विचारलं, तर ती म्हणाली, "विचारता काय? निरोप तुमच्याकडे आहे. पोचवा."

चौथ्या दिवशी दुपारी गेलो. विमलबाई जमिनीवर बसून एका कापडी झोळीला बंद शिवत होत्या. मी खुर्ची नको म्हणालो, खाली बसलो. म्हणालो, "ताई, आप्पा फोनवर तसं बोलले नव्हते. ते वाक्य माझं होतं."

त्यांची सुई थांबली. मग विचारलं, "मंग काय बोलनात?"

मी मराठीत सांगायला लागलो, की त्यांना बरं वाटत नव्हतं, त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "तुमनं नको. त्या जसं बोलनात तसं सांगा."

मग मी सांगितलं. "तिले येवाले सांगा. माले बरं वाटत नही. तिले सांगा ना. ये म्हना." आणि मी नाही म्हटल्यावर ते काय म्हणाले तेही. "बरं. पन तिले सांगा तरी."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यांनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते, ते शब्द त्या माझ्याबरोबर म्हणत होत्या. तिसऱ्यांदा सांगायला लावलं, तेही सांगितलं.

"ये म्हनत व्हतात," त्या म्हणाल्या. "दीड तासनी वाट व्हती. मी पूल देखत व्हतू."

मी वाट बघत होतो की आता ही मला शिव्या देईल, गल्ली गोळा करेल. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. विमलबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, देव्हाऱ्यापाशी गेल्या, आणि बाटली आणून माझ्यासमोर ठेवली.

"हाई आते तुमनी. मना माणूसनं माले बलायेल व्हतं, मी गऊ नही. माले आते कोठेच जानं नही." मग झोळी उचलून तीही बाटलीशेजारी ठेवली. "तुमीच पुरी करा."

मी दोन्ही घेऊन घरी आलो. त्या दिवसानंतर विमलबाई माझ्या दारावर आलेल्या नाहीत. सविताचा फोन आला होता, तुमचे उपकार, मम्मी घरी राहिली. तिच्या आईनं तिला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. आता विमलबाई दुपारभर आप्पांच्या जागी, ओट्यावर बसून असतात, असं गल्लीतले लोक सांगतात.

बाटली आमच्या फडताळात आहे. मित्र म्हणतात, नऊ दिवसांच्या गाडीत एक जागा घे, ओंकारेश्वरला पाणी चढव, मोकळा हो. एकानं तर सांगितलं, भरूचला जाऊन नदीत ओत, तिचंच पाणी आहे. मी एकदा गेलोही होतो, सकाळच्या मेमू लोकलनं. घाटावर बूच काढायला हात लावला आणि समोर पूल दिसला. बूच तसंच ठेवून परत आलो. लवकर मोकळं करून देण्याचाच माझा धंदा होता. तो मला माझ्यावर करवेना.

माझे गुडघे अजून बरे आहेत. हा अंक तुमच्या हातात पडेल, दिवाळी होईल, आणि मग एकादशी. तेव्हा तीच बाटली आणि झोळी घेऊन ओंकारेश्वरहून पायी निघायचं ठरवलंय. पुरी होईल याची खात्री नाही, आणि पुरी झाल्यानं विमलबाईंचं काही परत येणार नाही, हेही मला माहीत आहे. परवा मंगलाला हे सांगितलं. ती धान्य निवडत होती. मला वाटलं, नको म्हणेल, वयाचं काही बोलेल. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आमच्या घरच्या बोलीत एवढंच विचारलं, "मी बलावं, तं पूल वलांडीसन येशात ना?"

येईन, मी म्हणालो. तिनं उठून माझा फोन चार्जिंगला लावला.